मऊ रेकॉर्ड

९ जानेवारी

ती रेकॉर्ड एकदा वाजवायची म्हणजे काय खर्च येतो, ते आधी समजून घे. वीज नगण्य. सुई झिजते, पण ती बदलता येते. खरा खर्च आवाजाचा. बाजारातली रेकॉर्ड कडक असते, जन्मभर वाजवली तरी कुरकुरत का होईना गात राहते. ही तशी नाही. ॲल्युमिनियमच्या चकतीवर काळ्या रोगणाचा थर आणि त्यात कोरलेली चर, नख दाबलं तर वळ उठेल इतकी मऊ. कारखान्यात आम्ही तिला मऊ रेकॉर्डच म्हणायचो. नमुना म्हणून काढायची, चार माणसांनी ऐकायची, हो की नाही ते ठरवायचं आणि टाकून द्यायची. प्रत्येक वेळी सुई जाते तेव्हा थोडा आवाज खरवडून सोबत नेते. आधी ‘स’ आणि ‘श’ जातात. मग श्वास घेतल्याचा आवाज. मग शब्दांची टोकं. शेवटी ड्रम आणि बास गिटार तेवढे उरतात, आणि गाणारं माणूस निघून गेलेलं असतं.

म्हणून तुझ्या पत्राला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

आशीर्वादाची ओळ मुद्दाम गाळली आहे. मागे एकदा लिहिली होती, ती तू खोडून परत पाठवली होतीस. पोस्टाचा त्रास वाचवला, एवढंच समज.

पण लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी ठेवून देतो, असं तू म्हणतोस. ते खरं नाही. हल्ली फोनच भिकार झालेत. समोरचा तोंडात बोळा कोंबून बोलतोय असं वाटतं. दोनदा ‘हॅलो’ म्हणून मी ठेवतो, मग तो कुणी का असेना. कागदावर कसं सगळं स्वच्छ.

नात विचारते, आजी कशी गायची, आणि तुला सांगता येत नाही. कसं येईल? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा. चेहरा फोटोत राहिला, आवाज कुठेच राहिला नाही, असं तू लिहितोस. कुठेच कसा नाही? माझ्या कपाटात आहे. उभा ठेवलेला, उन्हापासून लांब, धुळीपासून लांब. ‘एकदाच वाजवा आणि उतरवून पाठवा’ म्हणे. जसं काही पेलाभर पाणी मागतोयस. घर सोडून जाताना तू म्हणाला होतास, ‘तुम्ही आईला कव्हरमध्ये पुरून ठेवलंय.’ वाक्य फक्कड होतं, गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकण्यासारखं. पण पुरलेलं माणूस कुजतं. माझ्याकडचं जसंच्या तसं आहे. मला स्वतःला वाजवून बघायची गरजही लागत नाही. तिचा श्वासन्‌श्वास मला पाठ आहे.

दुकान चाललंय. बाजारात अजून मला ‘कान’ म्हणूनच ओळखतात. ‘ही कानानं ऐकलेली आहे’ असं म्हटलं की रॉकची असो, सोल संगीताची असो, घेणारा पुढे काही विचारत नाही. दाराला बांधलेली पितळी घंटी आठवत असेल. ती कशी किणकिणते त्यावरून मी मान वर न करता सांगायचो, आलेला माणूस घेणारा आहे की नुसता वेळ काढणारा. तुला त्याची मोठी गंमत वाटायची. ती घंटी आता बिघडली. माणसं मांजरासारखी आत येऊन काउंटरपाशी उभी राहतात आणि मी दचकतो. नवीन आणून बसवली, तीही तसलीच निघाली. पितळ म्हणून काय गळ्यात मारतात कोण जाणे.

गिऱ्हाइकंही बिघडली. कोर्टातला एक कारकून सोलची एलपी परत घेऊन आला. ‘काका, यात काहीतरी तळल्यासारखा आवाज येतोय सारखा.’ त्याच्यासमोर लावली. लोण्यासारखी चालली. ‘साहेब, एकदा कान दाखवून घ्या,’ म्हटलं. दुकानातली माणसं हसली. तो बिचारा लालबुंद झाला, रेकॉर्ड ठेवून गेला. अशा बऱ्याच परत आल्यात अलीकडे. हेडफोन लावून लावून लोकांचे कान हळवे झालेत, दुसरं काय.

सूनबाईला आणि पोरीला माझी आठवण सांग. तुला सांगायची सोय नाही.

२ फेब्रुवारी

तुझं पत्र म्हणायचं की चिठ्ठी? ‘बाबा, तुमच्यानंतर ती रेकॉर्ड माझ्याकडेच येणार आहे. तेव्हा मी वाजवीनच. पण तोवर पोरगी प्रश्न विसरलेली असेल.’ बस्स. धंद्यात असतास तर माझ्यापुढे गेला असतास. आणि खाली सूनबाईनं पेन्सिलीनं लिहिलंय, ‘ती रोज विचारते.’ एकानं धरायचं, दुसऱ्यानं बुकलायचं. चांगली जोडी जमलीय तुमची.

हरलो. उतरवून देतो. सुया बदलणारा आणि मशिनं दुरुस्त करणारा माझा दोस्त तुला आठवतो, तोच, सुईवाला. एकदाच वाजवायची, नव्या सुईनं, हलक्या हातानं, आणि त्या एका वेळात जे काही आहे ते सगळं पकडायचं. हे त्याच्याशिवाय कुणाला जमणार नाही. तो बहिणीकडे गेलाय, महिना उलटल्यावर येईल. तोवर मी कपाटाला हात लावणार नाही.

आता उतरवून देणारच आहे, तर सोबत गोष्टही देतो. गोष्टीशिवाय रेकॉर्ड विकली जात नाही, हे मी या धंद्यात पहिलं शिकलो. हा गायक जमिनीवर उताणा पडून गायचा, कारण उभा राहिला की ओरडायचा. हा ऑर्गनवाला स्वतःच्या लग्नातून पळून आला आणि त्याच कपड्यांत वाजवायला बसला. या ड्रमरला दम्याचा झटका आला तरी त्यानं ठेका सोडला नाही. ऐका, इथे ऐका, त्याची धाप ऐकू येते. निम्म्या खऱ्या, निम्म्या माझ्या. ही मात्र पूर्ण खरी आहे आणि आजवर कुणाला विकलेली नाही. तुलाही कधी धड सांगितली नाही.

कारखान्यात मी ‘ऐकणारा’ झालो ते पुढे. दर ढिगातली एक रेकॉर्ड काढून कुठे खट्ट होतं का ते ऐकायचं काम. त्याआधी मी झाडूवाला होतो. मऊ रेकॉर्ड कोरताना चरीतून केसासारखा काळा धागा निघत जातो. तो भसकन पेट घेतो, म्हणून गोळा करून पाण्याच्या डब्यात टाकायला माणूस लागायचा. तो मी. शेजारीच गाणी रेकॉर्ड करायची खोली, मोठ्या काचेची. बाहेरचा कॉरिडॉरही माझ्याच झाडूखाली.

त्या दुपारी मोठ्या गायिकाबाई आल्याच नाहीत. वादक तासाच्या हिशोबानं आलेले, रेकॉर्डिस्ट केस उपटत होता. मागे कोरसला तिघीजणी उभ्या होत्या. त्यातल्या कडेच्या किडमिडीत मुलीला तो म्हणाला, ‘तू गा. नुसतं मापाला. उद्या बाई येतील आणि यावर गातील.’ मापापुरतं गायचं म्हणून दार लावायचीही कुणी तसदी घेतली नाही. मी बाहेर झाडू धरून उभा. ठेका पायाखालच्या फरशीतून येत होता, आणि दाराच्या फटीतून ती.

मापाला गाणारं माणूस अंग चोरून गातं. आपलं गाणं उद्या पुसलं जाणार आहे हे त्याला ठाऊक असतं. तिलाही ठाऊक होतं. तरी ती असं गायली की जणू उद्या नावाचं काही नाहीच. त्या क्षणी मी ठरवलं. लोक डोळ्यांनी बघून ठरवतात, मी कानानं निवडली. आयुष्यात एवढी अचूक निवड दुसरी केली नाही.

गाणं संपलं तसं कुणीतरी दार ओढून घेतलं. ती माइकपाशीच उभी राहून काहीतरी बोलली. आत सगळे हसले आणि रेकॉर्डिस्टनं मान वळवून काचेतून माझ्याकडे बघितलं. माझ्या झाडूला हसले असतील. मी खाली बघून झाडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. टेपवर तुझ्या आईच्या जागी त्यांचा आवाज चढला आणि तीच रेकॉर्ड बाजारात गेली, गाजली. अजून लोक दुकानात मागायला येतात, मी अजून विकतो. पण बाई यायच्या आधी, चाल कशी बसलीय हे साहेबांना ऐकवायला एक मऊ रेकॉर्ड काढली होती. साहेबांनी ऐकली आणि टोपलीत टाकली. टोपली रिकामी करणं माझं काम.

लग्नानंतर आई मला चिडवायची, ‘तू कसला मला निवडतोस? मी तुला आधी हेरलं होतं.’ मी म्हणायचो, थापा मारू नकोस, तुला मी दिसलो तरी होतो का?

इतक्या वर्षांत ती रेकॉर्ड बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वाजली असेल. दर वेळी शेवटचा सूर आला रे आला की मी सुई उचलतो. गाणं संपल्यावर रिकाम्या चरीत सुई कशाला फिरवायची? इतकं जपलंय. तुला त्याचं काही नाही, पण पोरीला कधीतरी सांग.

१२ फेब्रुवारी

हात लावला.

सुईवाला येईपर्यंत दम निघेना. म्हटलं, इतक्या वर्षांनी बाहेर काढायची, तर एकदा तब्येत बघून ठेवू. नवी सुई लावली. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. दाराची पाटी फिरवली आणि लावली.

बास आला. ड्रम आला. मग ती सुरू होते ती जागा आली. मी श्वास रोखून बसलो. आणि ठेका तसाच पुढे निघून गेला, स्टॉपवर कुणी उभं नाही म्हणून बस न थांबता जावी तसा.

पुन्हा सुरुवातीला नेली. पुन्हा तेच. ती नाही. कुठेतरी गोधडीखाली कुणीतरी कण्हल्यासारखं होतं, पण त्याला तुझी आई म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रेकॉर्ड उजेडात धरून बघितली. चर चकचकीत आहे. तडा नाही, बुरशी नाही, पापुद्रा सुटलेला नाही. मी राखलेली वस्तू अशी रिकामी व्हायचं कारण नाही. कुणीतरी वाजवून वाजवून संपवलीय.

म्हणून विचारतो, खरं सांग. तू नववीत असताना एकदा मी घरी आलो, तर कव्हरचं तोंड भिंतीकडे होतं. मी ते तोंड कायम माझ्या बाजूला करून ठेवतो. तेव्हा काही बोललो नाही. किती वेळा वाजवलीस? एकदा की रोज? मी कारखान्यातून दमून यायचो आणि तू जेवायला वाढून ठेवायचास, शहाण्या मुलासारखा. तेव्हा आधीची सगळी दुपार तू तिला खरवडत होतास का?

आता पोरीला काय पाठवू? ड्रम?

२४ फेब्रुवारी

तू लिहितोस, ‘वाजवली नाही. काढून बघितली. तुम्ही म्हणायचात वाजवली की खर्च होते, म्हणून नुसती मांडीवर घेऊन बसलो होतो.’

मला हे खरं वाटावं अशी माझी इच्छा आहे. पण मग आवाज गेला कुठे, तेही सांग. आवाजाला पाय फुटत नाहीत.

मी हात टेकलेले नाहीत. या धंद्यात इतकी वर्षं उगाच काढली नाहीत. सुईच्या दांड्यावर एक नाणं चिकटवलं. जुनी युक्ती आहे. सुई वरवर चालत असेल तर वजन द्यायचं, म्हणजे ती चरीच्या तळाला जाऊन तिथलं काढून आणते. मऊ रेकॉर्डला हे करू नये, हे मला माहीत आहे. ते राखायचं काही शिल्लक असेल तेव्हाचं. एकानं भागलं नाही, म्हणून दुसरं ठेवलं. रोज दुपारी लावतो. परवा दुसऱ्या कडव्याच्या आधी ती आल्यासारखी वाटली. लगेच गेली. आणखी जोर दिला तर येईल. अर्ध्यावर आशा सुटते, मग मी सुई उचलतो आणि परत सुरुवातीला ठेवतो.

आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलेलं असतं. शेजारच्या न्हाव्याला ते खपत नाही. आधी भिंतीवर बुक्के मारायचा. फरशी हादरते, त्यावरून कळतं. काल हातात वस्तरा घेऊन दुकानातच आला आणि दाराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला. लोक हल्ली पाठ करूनच बोलतात. म्हटलं, ‘इकडे बघून बोल.’ तेव्हा म्हणाला, ‘अहो, त्या बाईला जरा हळू लावा. रोज तेच गाणं. माझं गिऱ्हाईक मान हलवतं, एखाद्या दिवशी कान हातात येईल त्याचा.’

‘बाई कुठली? ड्रम आहे तो.’

तो माझ्याकडे बघत राहिला, मग गेला. म्हातारा झालाय. ड्रममध्ये त्याला बाया ऐकू येतात.

६ मार्च

काल सुईवाला आला. जसं झालं तसं लिहितो, नंतर शब्द बदलायची बुद्धी होईल.

मी दाराकडे पाठ करून मशिनपाशी उभा होतो. रेकॉर्ड पहिल्या कडव्यात होती. आशा सुटली म्हणून मी सुई उचलली. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. कधी आला, किती वेळ उभा होता, पत्ता नाही. अंगात कोट तसाच, हातात पिशवी.

‘उचललीस का?’ म्हणाला. ‘गात होती ना.’

‘कोण?’

‘वहिनी. दुसरं कोण गाणार इथे? घसा बसल्यासारखी येतेय, पण गात होती.’

‘चेष्टा नको करूस,’ मी म्हटलं.

तो चेष्टेच्या तयारीत दिसत नव्हता. त्याची नजर दांड्यावर गेली. त्यानं पिशवी खाली ठेवली, एक नाणं काढलं, मग दुसरं काढलं आणि दोन्ही काउंटरवर ठेवली. स्टूल ओढून बसला.

‘हे कधीपासून चाललंय?’

‘तू गेल्यावर.’

‘कान,’ तो म्हणाला, ‘ही मऊ आहे रे. तुला मी सांगायचं का हे?’

मग त्यानं रेकॉर्डकडे तिरपं बघितलं, मला सुरुवातीची चर दाखवली. काळी राहिली नव्हती, राखाडी झाली होती, खडूनं पुसल्यासारखी. अर्ध्याच्या पुढची अजून काळीभोर. त्यानं आपल्या पिशवीतली सुई लावली आणि अर्ध्यावर अलगद ठेवली. मशिनकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

‘आता?’

‘ड्रम.’

‘आता?’

‘बास.’

‘आता?’

त्याचे ओठ हलत होते. ते गाणं त्यालाही तोंडपाठ आहे. मी त्याच्या ओठांकडे बघत बसलो. ते उघडले की ती आली, मिटले की थांबली. तुझी आई या वेळी कुठे आहे, हे मला काल असं कळलं.

शेवटचा सूर आला असावा, कारण त्यानं ओठ मिटले. माझा हात सवयीनं सुईकडे गेला. त्यानं मनगट धरलं. रेकॉर्ड फिरत राहिली. एकदम तो हसला, मग त्यानं तोंडावर हात ठेवला.

‘काय झालं?’

‘बोलते ती शेवटी.’

‘कोण बोलते?’

‘अरे, वहिनी. गाणं झाल्यावर बोलते. तू कधी ऐकलं नाहीस?’

‘नाही. मी तिथे सुई उचलायचो.’

तो माझ्या कानाला तोंड लावून ओरडला. इतका ओरडला की पलीकडचा न्हावी धावत आला. तरी मला पहिल्यांदा नीट कळलं नाही, म्हणून मग समोर उभा राहून एकेक शब्द सुटा सुटा म्हणाला. ती म्हणते, ‘बरं झालं का ते मला नका विचारू. त्या झाडूवाल्याला विचारा. तो एकटाच ऐकत होता.’

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा म्हणाला. न्हावी वस्तरा घेऊन दारातच उभा होता, तो म्हणाला, ‘हेच मी सांगत होतो, बाई आहे म्हणून.’

१९ मार्च

सोबत पार्सल आहे. त्यात सुईवाल्यानं उतरवलेलं गाणं आहे आणि मूळ रेकॉर्डही. कव्हरचं तोंड कुठेही करून ठेव.

पहिलं कडवं जवळजवळ गेलंय. दुसऱ्याचा अर्धा भाग घोगरा आहे. तिथून पुढे ती आहे, पूर्ण आहे, असं सुईवाला सांगतो. माझी आशा अर्ध्यावर सुटायची म्हणून अर्धी राहिली. धीर धरला असता तर सगळीच संपवली असती.

तू वाजवली नव्हतीस. मांडीवर घेऊन बसला होतास. मी जे लिहिलं ते फाडून टाक किंवा ठेव, पण पोरीच्या हाती लागू देऊ नकोस.

सुईवाला मला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बटण धरून बसून राहिलो. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय. मान वर केली तर बाई काचेपलीकडे कागदावर शेवटच्या खुणा करत होत्या. या खेपेला काचेच्या आत मी होतो.

त्या म्हणाल्या, हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांपासून चाललंय, आणि तुम्ही लोकांचे ओठ वाचून निभावलंत. कान कसे जातात तेही त्यांनी समजावून सांगितलं. आधी ‘स’ आणि ‘श’ जातात. मग बारीक आवाज. मग शब्दांची टोकं. शेवटी जाड आवाज तेवढे उरतात. मी म्हटलं, ‘हे मला माहीत आहे.’ त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतोय.

यंत्र बसवणार आहेत. त्यानं बोलणं बरंच कळेल. गाणं पूर्वीसारखं होणार नाही, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. मी विचारलंही नसतं.

कोर्टातल्या कारकुनाकडे जाऊन आलो. त्याची एलपी सुईवाल्याला ऐकवली होती. आत खरंच तळण चालली होती. कारकून म्हणाला, ‘जाऊ द्या काका, मला वाटलं माझेच कान गेले, मी तपासूनही आलो.’ भला माणूस आहे. परत आलेल्या बाकीच्याही सगळ्या तशाच निघाल्या. कानानं ऐकलेल्या. आता ‘कानानं ऐकलेली’ ही दुकानातली पाटी उतरवलीय. रेकॉर्ड विकत घ्यायची असेल तर गिऱ्हाइकानं स्वतः ऐकावी.

आता पोरीचं. गाणं लावशील तेव्हा तिला शेजारी बसव, आणि गाणं संपलं तरी बंद करू नकोस. थोडा वेळ नुसती खरखर येईल, मग आजी बोलेल. झाडूवाला म्हणजे कोण, ते तिला सांग.

आणि ऐकून झालं की तिला मला लिहायला लाव, आजी कशी गायची ते. सविस्तर लिही म्हणावं. पाठ आहे असं मी तुला लिहिलं होतं. रोज मनातल्या मनात ती सुरू होते त्या जागी जाऊन बसतो, ठेका डोक्यात धरतो, आणि तिथे येतो तो सुईवाल्याचा चेहरा, ओठ हलवणारा.

काल न्हाव्याला दारात उभं केलं आणि दोन्ही घंट्या हलवायला सांगितल्या, जुनी आणि नवी. तो म्हणाला, दोन्ही वाजतात.